लस, श्रद्धा आणि संशय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून लोकांच्या दारात उभी राहिले. माहेर वारकरी, गळ्यात माळ. त्यामुळे ‘देव की विज्ञान’ असा पेच मला स्वतःला कधी पडला नाही. लोकांना मात्र पडतो, आणि निवृत्तीनंतरही ते मला विचारत राहतात. मालेगावच्या आपा विचारतात, नंदुरबारचे पाडे विचारतात, गोव्यातल्या चर्चला जाणाऱ्या बायका विचारतात, परदेशी गेलेली भाचरंही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

१. देवाधर्माचं करणारी माणसंच लसीला घाबरतात, हे खरं ना?

अर्धंसुद्धा खरं नाही. आपली भाषाच बघा. ज्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणत होतो, त्याची लस टोचण्यालाही ‘देवी काढणं’ म्हणत होतो. माझी आजी शीतलादेवीला थंड दहीभाताचा नैवेद्य दाखवायची आणि देवीचा डॉक्टर गावात आला की पोरांचे दंड उघडे करून रांगेत उभी करायची. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात करीमगंजला सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हा रोग गेल्याचं जाहीर केलं. त्यासाठी शीतलामातेचं एकही देऊळ पाडावं लागलं नाही.

भीती असते, नाही असं नाही. पण ती बहुतेक वेळा देवाची नसते, दारात आलेल्या माणसाची असते. हा धागा पुढच्या बहुतेक उत्तरांत सापडेल.

२. मग आपल्याकडे लसीला धर्माच्या नावाने विरोध झालाच नाही का?

झाला. हिंदुस्थानातलं देवीचं पहिलं लसीकरण मुंबईत झालं, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला. बगदाद, बसरा असा प्रवास करत ती लस माणसाच्या दंडातून माणसाच्या दंडात अशी इथवर आली होती. पुढेही कित्येक वर्षं हीच पद्धत होती: एका मुलाच्या फोडातली लस काढायची आणि दुसऱ्याला टोचायची. आता विचार करा, त्या काळच्या समाजात कोणाच्या अंगातलं द्रव्य कोणाच्या अंगात जातंय हा प्रश्न किती मोठा असेल! जातीच्या विटाळाची भीती त्यात होतीच. पण मुलाच्या दंडातून लस काढून नेतात याची आईला वाटणारी साधी धास्तीही होती. पुढे वासराच्या अंगावर वाढवलेली लस आली, तेव्हा गाईचा प्रश्न निघाला.

उत्तर हिंदुस्थानात अशीही अफवा होती की, ज्याच्या अंगात रक्ताऐवजी दूध वाहतं असा एक मुलगा जन्मला आहे, तो मोठा होऊन इंग्रजांचं राज्य उलथवणार आहे, आणि त्याला हुडकण्यासाठीच सरकार पोरांचे दंड टोचतंय. ही कथा धार्मिक वाटते. मला ती गुलामीत जगणाऱ्यांची वाटते.

३. लसीकरण आपल्या प्राचीन ग्रंथांत होतंच असं व्हॉट्सअॅपवर वाचलं. खरं का?

देवीच्या खपलीतलं द्रव्य मुद्दाम टोचून सौम्य रोग आणण्याची पद्धत बंगालात होती. ते टोचणारे टीकेदार गावोगाव फिरत, आणि १७६७ मध्ये हॉलवेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. हा अभिमानाचाच भाग आहे. पण गाईला होणाऱ्या देवीपासून बनवलेली लस संस्कृत ग्रंथात आहे, हा दावा वेगळा. तो १८१९ मध्ये मद्रासच्या वर्तमानपत्रात एका टोपणनावाच्या पत्रातून आला. लोकांनी लस बिनविरोध घ्यावी म्हणून रचलेले ते श्लोक होते, असं संशोधक मानतात. हेतू चांगला होता, तरी मला ते पटत नाही. खोट्या आधारावर मिळवलेला विश्वास दुसरं कोणी दुसऱ्या खोट्याने सहज काढून घेतं.

४. ‘हा सरकारचा कट आहे’ ही भाषा सुरू कधी झाली?

आपल्याकडची सर्वांत ठसठशीत वेळ प्लेगची. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. त्यानंतर सरकारने जे केलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८९७ चा साथरोग कायदा आला. घरं तपासायची, आजारी माणसाला उचलून इस्पितळात न्यायचं, उरलेल्यांना वेगळ्या छावणीत, सामान जाळायचं. पुण्यात तर गोरे सोल्जर माजघरात, देवघरात शिरले. बायकांची तपासणी परक्या पुरुषांकडून झाली.

मग लोक काय म्हणू लागले? इस्पितळात नेलेला परत येत नाही, कारण डॉक्टर माणसं मारून त्यांच्यापासून ‘मोमियाई’ नावाचं औषधी तेल काढतात. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, त्याचा सूड म्हणून राणीने माणसांचे बळी मागितलेत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली.

मोमियाईची गोष्ट खोटीच होती. पण इस्पितळात नेलेली माणसं परत येत नव्हती, हे खरं होतं, कारण बहुतेकांना मरायला टेकल्यावरच नेलं जाई. घरात बूट घालून शिरलेला सोल्जरही खराच होता. खोट्या गोष्टीच्या पोटात एक खरी जखम होती. आमच्या कामात पुढे प्रत्येक अफवेत मी हेच पाहिलं.

आणि याच साथीत, याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. त्यांच्या दवाखान्यात माणसं यायला भीत नव्हती.

५. प्लेगच्या लसीने तेव्हा माणसं मेली होती ना?

एका ठिकाणी मेली, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ही लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पण ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. त्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला, तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं पुढे दिसून आलं. दोष मात्र हाफकिनवर आला आणि त्यांचं नाव निर्दोष व्हायला १९०७ उजाडलं.

मी नव्या मुलींना हीच गोष्ट सांगायचे. लस चांगली असून भागत नाही, हात स्वच्छ लागतात. (आजच्या काळातल्या चुकांबद्दल प्रश्न ११ पाहा.)

६. पोलिओच्या डोसाने मुलगे पुढे नपुंसक होतात, असं अजूनही ऐकतो. ही अफवा आली कुठून?

डोसाचा आणि मूल होण्या-न होण्याचा काहीही संबंध नाही. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हा ज्यांनी थेंब घेतले त्या पोरांची पोरं आता मी खेळवते.

पण ही अफवा ‘धर्मवेड्यांनी’ पसरवली म्हणून हात झटकणाऱ्यांना मी आणीबाणी आठवायला सांगते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. रेशन, बदली, पगार, सगळं नसबंदीच्या दाखल्याला बांधलं होतं. हरियाणातल्या उटावरमध्ये नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी गावाला वेढा घालून पुरुषांना उचलून नेलं. ते मेव मुसलमानांचं गाव. आणि हे फक्त उत्तरेचं पाप नव्हतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

ज्या बापाला सरकारी जीपमधून नसबंदीला नेलं, त्याच्या नातवाला वीस वर्षांनी तेच सरकार दारात येऊन फुकट औषध पाजतंय. रस्ता देत नाही, नळाला पाणी देत नाही, शाळेत मास्तर देत नाही, पण हे दोन थेंब मात्र महिन्या-दीड महिन्याने आणून देतं. ‘का?’ असं त्याने विचारलं तर तो वेडा आहे का? आम्ही दारावर खडूने खुणा करायचो: डोस झाला तर ‘पी’, राहिला तर ‘एक्स’. आमच्यासाठी ती कामाची सोय होती. एका आजोबांनी मला विचारलं, “आमच्याच घरावर फुली का?” त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या फुलीकडे त्यांच्या डोळ्यांनी बघता आलं.

७. पण खरंच, आमच्याच मोहल्ल्यात इतक्या वेळा का यायचे?

कारण विषाणू तिथंच होता. दाट वस्ती, उघडी गटारं, सारखे जुलाब अशा ठिकाणी तोंडावाटे दिलेला एक डोस पुरेसा पडत नाही, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. त्यात मुसलमान कुटुंबांतल्या मुलांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून बरंच जास्त होतं. एवढं सरळ उत्तर आम्ही पहिल्या दिवसापासून द्यायला हवं होतं. ‘वरून आदेश आहे’ हे उत्तर नव्हे.

८. लसीत डुकराचं किंवा गाईचं काही असतं का? आमच्या धर्मात चालत नाही.

हा प्रश्न विचारायला संकोचू नका. आपल्या शरीरात काय जातंय हे विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं.

काही लसी टिकाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन घालतात. ते प्राण्यांपासून बनतं, काही वेळा डुकरापासूनही. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये ते नव्हतं, तरी डिसेंबर २०२० मध्ये, लस यायच्या आधीच, ती हराम असल्याचे निरोप फिरू लागले. संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने त्याच महिन्यात सांगितलं की, जिलेटिन असलं आणि दुसरा पर्याय नसला तरी जीव वाचवण्यासाठी लस घ्यायला हरकत नाही. आपल्याकडच्या अनेक उलेमांनीही हेच सांगितलं.

गाईचं म्हणाल तर जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनवरून तसं वादळ उठलं. नवजात वासराच्या रक्तातला द्रव पेशी वाढवण्यासाठी वापरतात, हे खरं. नंतर त्या पेशी धुतल्या जातात, त्यांत विषाणू वाढवून मारला जातो, शुद्ध केला जातो, आणि तयार लसीत तो द्रव राहत नाही. पोलिओ, रेबीजच्या लसी बनवतानाही कित्येक वर्षं हाच द्रव वापरात आहे. ‘काहीच नसतं, गप्प बसा’ असं कोणी सांगितलं तर समजा, त्याला स्वतःला माहीत नाही.

९. चर्चमधल्या एका बाईंनी सांगितलं की गर्भपात झालेल्या बाळाच्या पेशी लसीत घालतात. मी कॅथलिक आहे, काय करू?

लसीत घालत नाहीत. काही लसींचा विषाणू ज्या पेशींवर वाढवतात, त्यांचं मूळ १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या मोजक्या गर्भपातांतल्या अर्भकांच्या पेशींत आहे. तेव्हापासून प्रयोगशाळेत त्याच पेशी वाढत आल्या आहेत. रुबेलाची लस त्यांपैकी, कोव्हिशील्डही. तुमच्या मनाला हे टोचणं स्वाभाविक आहे आणि मी ते हलकं लेखणार नाही. म्हणूनच व्हॅटिकनने काय म्हटलं ते सांगते: २१ डिसेंबर २०२० च्या टिपणात त्यांनी अशी लस घेणं नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह ठरवलं, आणि त्याच वेळी कंपन्यांनी दुसरे मार्ग शोधावेत असंही बजावलं. पोप फ्रान्सिस यांनी पुढे लस घेण्याला प्रेमाची कृती म्हटलं. तरी मन मानत नसेल तर आपल्या फादरशी बोला, फॉरवर्ड केलेल्या निरोपाशी नको.

१०. परदेशी शक्तींचा कट असतो हे तर सिद्धच झालंय ना? पाकिस्तानात सीआयएने तेच केलं.

हो, केलं. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा लागावा म्हणून अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने ॲबटाबादमध्ये एका डॉक्टरामार्फत हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. माझ्या मते आरोग्यसेवेशी त्या दशकात झालेला हा मोठा विश्वासघात होता. पुढच्या वर्षी वझिरिस्तानात तालिबानी म्होरक्यांनी पोलिओचे डोस बंद पाडले, आणि डिसेंबर २०१२ पासून थेंब पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या जाऊ लागल्या. मे २०१४ मध्ये अमेरिकेने यापुढे लसीकरणाचा आडोसा घेणार नसल्याचं कबूल केलं. तोवर माझ्यासारख्या किती जणी गेल्या होत्या.

आपल्याकडेही धडा घेण्यासारखं घडलं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस दिली गेली. कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. मुली बहुतेक गरीब, खम्ममात बऱ्याच आदिवासी. सात मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संसदीय समितीने २०१३ मध्ये संमतीच्या या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. तीच लस जगभर लाखो बायकांना वाचवते आहे. मी माझ्या भाचीला ती स्वतः घेऊन जाऊन टोचून आणली. पण आईबापांना न विचारता मुलीला सुई टोचायची नसते.

आता या खऱ्या घटनांवरून ‘सगळ्याच लसी कट आहेत’ इथवर उडी मारली तर काय होतं, ते नायजेरियातल्या कानो राज्याने पाहिलं. तिथं १९९६ मध्ये एका अमेरिकी औषध कंपनीने साथीत मुलांवर औषधाचा वादग्रस्त प्रयोग केला होता. तो राग मनात असताना २००३ मध्ये धर्मगुरूंच्या सांगण्यावरून पोलिओचे डोस थांबवले. मुस्लिम देशातली म्हणून इंडोनेशियाची लस आणल्यावर २००४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पण तोवर नायजेरियातला विषाणू एका देशातून दुसऱ्या देशात पसरला होता, आणि २००५ मध्ये तो इंडोनेशियातल्या मुलांपर्यंतही पोचला.

११. लसीने त्रास झाला, माणूस गेला, असं कधीच होत नाही का?

होतं. फार क्वचित, पण होतं, आणि ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा अतिदुर्मीळ विकार २०२१ मध्येच नोंदला गेला. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओच्या जिवंत लसीतला विषाणू, जिथं लसीकरण अपुरं असतं तिथं, फिरत राहून बदलतो आणि क्वचित पोलिओही करतो. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये त्या लसीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला आणि इंजेक्शनची पोलिओ लस जोडली.

आणि माणसाच्या चुका वेगळ्याच. २०२१ च्या पल्स पोलिओत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बारा लहान मुलांना डोसाऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. अशा चुकीनंतर गावात जाऊन आधी माफी मागायची असते, आकडेवारी नंतर.

१२. मग रास्त शंका कुठली आणि कटाची कथा कुठली, हे ओळखायचं कसं?

शंकेला उत्तर मिळालं की ती शांत होते, किंवा पुढचा नेमका प्रश्न विचारते. कटाच्या कथेचं तसं नसतं. तिला प्रत्येक उत्तर हाच नवा पुरावा. डॉक्टरने हो म्हटलं तर तो विकला गेलाय, मौलानाने हो म्हटलं तर त्याला दमदाटी झालीय, फादरने म्हटलं तर त्याला फसवलंय. अशा माणसाशी मी वाद घालत नाही. त्याच्यावर कधी काय गुजरलं ते विचारते आणि ऐकते. बऱ्याचदा गाठ तिथं असते.

१३. साथीत एखाद्या धर्माचे लोक रोग पसरवतात, असंही म्हणतात. त्याचं काय?

हीसुद्धा कटाची कथाच, आणि ती सांगणारेही स्वतःला श्रद्धाळू म्हणवतात. मार्च २०२० मध्ये तबलिगी जमातच्या कार्यक्रमानंतर भाजीवाल्यांची नावं विचारून त्यांना गल्लीतून हाकलणं सुरू झालं. गर्दीत संसर्ग होतो, हे खरं. तो जाणूनबुजून पसरवला, हे खोटं. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. ज्यांना चाळीत शिरू दिलं नाही, ते लोक वर्षभराने लसीच्या रांगेत यायला का कचरले, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

१४. हे सगळं अडाण्यांचं आहे हो. शिकलेल्यांत कुठे?

भरपूर. माझ्याकडे सर्वांत लांबलचक निरोप इंजिनिअरांचे येतात. फरक एवढाच की ते ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’, ‘सात्त्विक आहार’ अशा शब्दांत बोलतात.

१५. कीर्तनकार, मौलाना, फादर यांच्या बोलण्याने खरंच फरक पडतो?

सर्वांत जास्त पडतो. प्लेगच्या काळी मुंबईत खोजा मुसलमानांचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत हाफकिनची लस टोचून घेतली, आणि हजारो खोजा पुढे आले. उत्तर प्रदेशातही पोलिओ हटायला औषधाइतकीच अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया यांसारख्या संस्थांची, मशिदीतून आवाहन करणाऱ्या इमामांची आणि गल्लीतल्याच बायकांची मदत झाली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ सापडला नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून मागू नका: न पटलेलं बोलणं. आधी त्यांच्या शंका ऐका. प्रश्न ८ आणि ९ मधली उत्तरं मी अशाच बैठकांत शिकले.

१६. दवाखान्याबरोबर अंगारा, दोरा, दुवा चालेल का?

बरोबर चालेल, ऐवजी नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्र-गंडादोरा करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. अंगारा कपाळाला लावा आणि रेबीजची सुई त्याच दिवशी घ्या.

१७. पहिल्या डोसनंतर बाळ तापलं. सासूबाई म्हणतात, आता पुढचं देवावर सोडा. मी काय करू?

सासूबाईंशी भांडू नका. रात्रभर तापलेलं नातवंड मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या डोसांनंतर एक-दोन दिवस ताप येणं, मांडी दुखणं नेहमीचं आहे. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते नर्सताईंकडून बाळाच्या वजनानुसार लिहूनच घ्या. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, बाळ दूध पिईना, झटके आले किंवा सारखं किंचाळून रडलं तर लगेच दवाखाना गाठा. पुढच्या वेळी सासूबाईंनाच बाळ घेऊन चला म्हणा. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं असतं, तेवढ्यात त्यांना जे विचारायचं ते विचारू दे. आणि तारीख टळली असली तरी घाबरू नका. पहिल्यापासून सुरुवात करत नाहीत, राहिलेला डोस तिथूनच पुढे देतात. कार्ड तेवढं बरोबर न्या.